विष नेमके कुणासाठी?



कविता लिहिणारा माणूस आज समुद्रातल्या शेवाळाबद्दल आणि विषाबद्दल बोलणार आहे, हे ऐकून तुम्हाला थोडे नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही ते वाटले असते. पण झाले असे, की एका हिवाळ्यात आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रात्रीच्या लाटा निळ्या उजेडाने चमकू लागल्या. लाट फुटली की तिच्या काठावर निळी रेघ पेटायची, ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या उडायच्या. गावोगावची माणसे पाहायला येऊ लागली. मी अर्थातच कविता लिहिली आणि एका घरगुती बैठकीत वाचूनही दाखवली. लोकांनी दाद दिली.

त्या बैठकीला आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आले होते. त्यांचा सगळा जन्म होडीवर गेलेला. घरी जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कविता चांगली आहे तुझी. पण असं पाणी आलं की जाळ्यात मासळी येत नाही, ते तू लिहिलंच नाहीस." मी गप्प राहिलो. मग त्यांनीच विचारले, "त्या पाण्यात विष असतं का रे?"

मला उत्तर देता आले नाही. ज्या पाण्यावर मी सोळा ओळी लिहिल्या होत्या, त्याबद्दल मला काहीच माहीत नव्हते, हे त्या रात्री माझ्या लक्षात आले. त्या संकोचापोटी मी वाचायला लागलो, जाणकारांना विचारत राहिलो. आज जे सांगतो आहे, ते त्या वाचनातून आले आहे.

चाचांच्या प्रश्नाचे उत्तर तसे लवकर सापडले. निळ्या लाटांमागे बहुधा नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव असतो. तो लहान लहान शैवाल गिळून जगतो. माणसाला बाधेल असे विष तो तयार करतो, असे आढळलेले नाही. मात्र त्याच्या शरीरात अमोनिया साठतो, तो पाण्यात उतरला की मासळीला त्रास होतो. शिवाय एवढे जीव एकदम मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासळी दूर जाते, हे चाचांचे निरीक्षण या माहितीशी जुळणारे होते.

पण या उत्तराने दुसरा प्रश्न उभा केला. समुद्रात असे काही सूक्ष्म जीव आहेत, की ज्यांच्याकडे खरोखरच जहाल विष असते. केसापेक्षाही बारीक असलेल्या या जीवांना विष लागते कशाला? ते कुणासाठी असते?

आधी या वस्तीची ओळख करून घेऊ. समुद्राच्या वरच्या थरात, जिथे सूर्याचा उजेड पोचतो तिथे, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. आपण सोपे म्हणून सूक्ष्म शैवाल म्हणू. पृथ्वीवर वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर जेवढे अन्न तयार करतात, त्यातला जवळजवळ निम्मा वाटा ही समुद्रातली मंडळी उचलतात. आपल्या ताटातली तारली हेच शैवाल खाते. सुरमई तारलीसारख्या लहान मासळीवर जगते. म्हणजे समुद्राची भाकरी इथेच भाजली जाते.

यांत दोन मोठी घराणी आहेत. एक डायटमचे. यांचे कवच काचेच्या जातीचे, म्हणजे सिलिकाचे असते आणि त्याचे दोन भाग डबी आणि झाकण यांसारखे एकमेकांत बसतात. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे सुरेख नाव मिळाले आहे. दुसरे घराणे डायनोफ्लॅजेलेटचे. यांना चाबकासारखे दोन धागे असतात, त्यांच्या जोरावर ते पाण्यात गिरक्या घेत वर-खाली करू शकतात. विष करणारे पुष्कळ जीव या दुसऱ्या घराण्यात आहेत. आपल्या निळ्या लाटांची नॉक्टिल्युकाही याच घराण्याची.

या सगळ्यांना उजेड हवा, नायट्रेट हवे, फॉस्फेट हवे. पाणी एकच आणि खाणारी तोंडे अब्जावधी. जागेसाठी भांडण होणारच. जमिनीवरही ते होते. आपल्याकडचे गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते पाहा. त्याच्या पानांतून आणि मुळांतून जी द्रव्ये मातीत उतरतात, त्यांनी शेजारच्या झाडांचे बी रुजणे आणि वाढणे अडते. एका वनस्पतीने रसायन सोडून दुसरीवर असा परिणाम करणे, याला व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली 'अ‍ॅलिलोपॅथी' असे नाव दिले. समुद्रात मातीही नाही आणि कुंपणही नाही, तरीही हा खेळ तिथे चालतो.

याचे चांगले तपासलेले उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, मेक्सिकोच्या आखातातले आहे. तिथे करेनिया ब्रेव्हिस नावाचा डायनोफ्लॅजेलेट राहतो. त्याची एक पेशी साधारण २० ते ४० मायक्रॉनची. म्हणजे अशा पंचवीस-पन्नास पेशी ओळीने ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. १९४६-४७ मध्ये तिथे समुद्र लालसर झाला आणि मासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्यानंतर १९४८ साली या जीवाचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे २००० साली, फ्लोरिडातल्या या लाल भरतीचा जन्मभर अभ्यास केलेल्या कॅरन स्टाइडिंगर यांच्या नावावरून त्याच्या कुळाला करेनिया हे नाव मिळाले.

करेनियाचे विष म्हणजे ब्रेव्हटॉक्सिन. ते मज्जापेशींतल्या सोडियमच्या दारांवर काम करते. जी दारे वेळेवर मिटायला हवीत, ती उघडीच राहतात. मासे तडफडून मरतात. लाटा फुटल्या की ते तुषारांबरोबर हवेत चढते आणि किनाऱ्यावर फिरणारी माणसे खोकू लागतात. २०१७ च्या शरदात सुरू झालेली तिथली लाल भरती २०१९ च्या आरंभापर्यंत टिकली. ऑगस्ट २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या गव्हर्नरांना आणीबाणी जाहीर करावी लागली. मासे, समुद्री कासवे आणि मॅनेटी यांची प्रेते किनाऱ्याला लागत होती.

आता गंमत पाहा. करेनिया ही तशी मंद वाढणारी. तिची संख्या दुप्पट व्हायला दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. अनुकूल पाण्यात कित्येक डायटम दिवसात एकदा तरी दुभंगतात. हिशेबाने डायटमने तिला केव्हाच मागे टाकायला हवे. तरी काही वेळा मैलोन् मैल समुद्रात करेनियाच माजते. असे का होते? तिला वर-खाली पोहता येते, थोडक्या अन्नावर तग धरता येतो, वारे आणि प्रवाह तिला किनाऱ्याशी गोळा करतात, ही कारणे आहेतच. पण ती शेजाऱ्यांना आवर घालते का, हा प्रश्न उरतो.

जॉर्जिया टेक या संस्थेतल्या ज्युलिया कुबानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी करेनियाच्या सोबतीला त्याच समुद्रातल्या निरनिराळ्या जातींचे शैवाल वाढवून पाहिले. करेनियाने पाण्यात सोडलेली द्रव्ये वेगळी काढली आणि तीही या शैवालांना देऊन पाहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बऱ्याच जातींची वाढ करेनियामुळे मंदावते. मात्र जे ब्रेव्हटॉक्सिन मासे मारते, ते या मंदावण्याचे मुख्य कारण ठरले नाही. शेजाऱ्यांवर जी द्रव्ये काम करतात, ती बहुतांशी वेगळीच आहेत.

हे वाचून मी जरा थबकलो. जे विष आपल्याला बाधते, जे बातम्यांत येते, तेच या जीवाचे सर्वांत मोठे हत्यार असणार असे मी धरून चाललो होतो. शेजारच्या करंडकाला मात्र त्या विषाची फारशी झळ लागत नाही. त्याला मज्जातंतूच नाहीत. त्याला जे छळते ते आपल्या नजरेतही येत नाही.

ती दुसरी द्रव्ये काय करतात? पुढच्या प्रयोगांत दिसले, की बाधित डायटमचे पेशीचे आवरण झिरपू लागते आणि प्रकाशातून अन्न करण्याची त्याची क्षमता घटते. तो लगेच मरतोच असे नाही. मंदावतो, त्याची वाढ खुंटते. आणि जिथे दररोज दुप्पट होण्याची शर्यत आहे, तिथे मंदावणे म्हणजे जागा सोडणेच.

पण श्रोतेहो, शेजारीही अगदी गरीब गाय नसतात. स्केलेटोनीमा नावाचा एक डायटम आहे. जगाच्या पुष्कळ किनाऱ्यांवर, आपल्याही, या कुळातले डायटम आढळतात. करेनियाच्या द्रव्यांनी त्याची वाढ अडते, हे खरे. पण २००८ साली याच गटाने दाखवले, की स्केलेटोनीमाच्या सहवासात राहिलेल्या करेनियाची ती मारक शक्तीच कमी होते. पाण्यात उतरलेले ब्रेव्हटॉक्सिनही शेजारी इतर शैवाल असले की घटते, असे त्याच सुमाराच्या दुसऱ्या प्रयोगांत आढळले. म्हणजे हे लहान जीव काही प्रमाणात पाणी निवळत असतात.

२०१४ साली याच गटाने आणखी एक तुलना केली. एक डायटम असा घेतला, की जो करेनियाच्याच पाण्यात राहतो; दुसरा असा, की ज्याचा तिच्याशी संबंध येत नाही. दोघांच्या पेशींतली प्रथिने आणि रसायने तपासली. परक्या डायटमची घडी जास्त विस्कटली. त्याचा ऊर्जेचा व्यवहार, आवरण, क्षारांचा तोल सगळेच बिघडले. सवयीच्या शेजाऱ्याने पुष्कळ तग धरला. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिल्याने सोसण्याची ताकद आली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काचेच्या चंबूतला प्रयोग आणि उघडा समुद्र यांत अंतर आहे. समुद्रात सोडलेले रसायन पाहता पाहता विरून जाते. त्यामुळे खऱ्या समुद्रात या द्रव्यांचा वाटा किती मोठा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हा वाद अजून संपलेला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती इटलीतल्या नेपल्सची. तिथे १८७२ साली स्थापन झालेली समुद्री जीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. तिथल्या अभ्यासकांनी १९९९ साली दाखवले, की निरुपद्रवी समजले जाणारे काही डायटमही चिरडले गेले की अल्डिहाइड जातीची द्रव्ये तयार करतात. डायटम खाणाऱ्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवाची अंडी मग नीट फुटत नाहीत. खाल्लेला डायटम मेलेलाच असतो, पण खाणाऱ्याची पुढची पिढी रोडावते.

याच द्रव्यांपैकी एकाचा, डेकाडायनालचा, परिणाम खुद्द डायटमवर काय होतो, हे २००६ साली तपासले गेले. मात्रा मोठी असेल तर पेशी मरते. पण मात्रा थोडी असेल तर पेशी मरत नाही; उलट नंतर मोठी मात्रा आली तरी ती सोसण्याची तयारी तिच्यात होते. शेजारची पेशी जखमी झाली की तिच्यातून निघालेले द्रव्य भोवतालच्या पेशींना जणू वर्दी देते. आपले वैद्य बचनागासारखे विष शुद्ध करून मात्रेत देतात, ते आपल्याला ठाऊक आहे. तोच मात्रेचा हिशेब एका पेशीच्या जिवातही चालतो. तेव्हा या द्रव्याला विष म्हणावे की निरोप, असा प्रश्न मला पडला. मी ज्या भाषेत लिहितो, तिच्यात दोन्हींना मिळून एक शब्द नाही.

निरोपाचा व्यवहार शत्रूकडूनही होतो. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग इथल्या अभ्यासकांनी २०१५ साली कोपेपॉडच्या अंगातून पाण्यात झिरपणारी काही द्रव्ये ओळखली. त्यांचा अगदी अंश पाण्यात असला, तरी अलेक्झांड्रियम नावाचा डायनोफ्लॅजेलेट सावध होतो आणि आपले विष कित्येक पटींनी वाढवतो. खाणारा जवळ आला आहे, हे त्याला पाण्याच्या वासावरून कळते म्हणा ना.

अलेक्झांड्रियमचे हे विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. इथे मात्र आपण माणसे मध्ये सापडतो. शिंपल्यातले जीव पाणी गाळून खातात. पाण्यात असे शैवाल वाढले, की विष त्यांच्या मांसात साठत जाते. त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, हातपाय लुळे पडतात, श्वास थांबू शकतो. आपल्या देशात १९८१ साली तमिळनाडूत असे शिंपले खाऊन तीन माणसे दगावली आहेत.

आमच्या कोकणात ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या, कालवे काढायला खाडीत उतरतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. हे विष शिजवल्याने जात नाही. कितीही उकळले, मसाला कितीही कडक घातला, तरी ते राहतेच. दुसरी गोष्ट, पाण्याचा रंग बदलला किंवा मेलेली मासळी किनाऱ्याला लागली, तर त्या दिवसांत शिंपले काढू नयेत. पण रंग बदललेला नाही म्हणून पाणी चांगलेच असेल, असाही भरवसा धरू नये. फ्लोरिडात पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पाण्यात करेनियाच्या पेशी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, की शिंपले काढण्यावर बंदी येते. त्या वेळी समुद्र नेहमीसारखाच दिसत असतो.

आणि आता शेवटचे उदाहरण, जे मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. प्रिम्नेसियम पार्व्हम नावाचे एक शैवाल आहे. ते मचूळ पाण्यात वाढते. त्याच्या विषाने दुसऱ्या पेशींच्या आवरणाला भोके पडतात आणि मग ते त्या पेशी खाते. शेजाऱ्याला मारून त्याचेच जेवण करणारे शैवाल. २०२२ च्या उन्हाळ्यात ते पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत माजले आणि सुमारे ३६० टन मासे मेले. समुद्रालगतच्या मचूळ पाण्यातला जीव गोड्या नदीत इतका कसा फोफावला? तपासात जे पुढे आले ते असे: उष्णतेची लाट होती, नदीला पाणी कमी होते, खतांचा अंश होता आणि खाणी-उद्योगांतून सोडलेल्या पाण्यामुळे नदी खारट झाली होती. विष शैवालाचे होते, हे खरे. पण त्याला पाट मांडून दिला तो माणसाने.

आपला अरबी समुद्रही बदलतो आहे. अमेरिकेत संशोधन करणारे हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस हे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की हिवाळ्यात अरबी समुद्राच्या उत्तर भागात जिथे पूर्वी डायटम बहरत, तिथे आता नॉक्टिल्युका बहरते. या भागातली नॉक्टिल्युका आपल्या पोटात हिरवे शैवाल बाळगते, त्यामुळे तिला खाणे आणि पिकवणे दोन्ही जमते. २०१४ साली त्यांनी याचा संबंध वर सरकणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. डायटम कमी झाले तर त्यांच्यावर जगणाऱ्या मासळीचे काय, ही त्यांची काळजी आहे. आणि चाचा त्या रात्री दुसऱ्या शब्दांत हेच म्हणत होते.

मग विष नेमके कुणासाठी? एवढे वाचून माझ्या हाती जे लागले ते इतकेच: ते आपल्यासाठी नाही. आपण या पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे जीव एकमेकांना अडवत, सावध करत, सोसत, सोसायला शिकत आले आहेत. त्यांच्यात कुणी एक कायमचा जिंकत नाही. करेनिया माजते आणि ओसरते; स्केलेटोनीमा मंदावतो, पण करेनियाची धारही बोथट करतो. हा तोल त्यांनी सांभाळला आहे. आपण वरून सांडपाणी, खते, मीठ आणि उष्णता ओततो, आणि तोल गेला की त्यांना विषारी म्हणतो.

चाचांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे पाणी वाईट नाही, पाण्याला वाईट केलं." मी म्हटले, "तसंच काहीसं." ते हसले आणि विचारते झाले, "मग आता कवितेत मासळी घालणार का?"

ती कविता मी अजून छापायला दिलेली नाही. पुन्हा कधी लाटा निळ्या उजळल्या, तर तुम्हीही जरूर बघायला जा. ते दृश्य फार सुंदर असते. फक्त परतताना धक्क्यावर थोडे थांबा आणि होडीवरून उतरणाऱ्या माणसाला विचारा, आज जाळ्यात काय आले?



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)